ऐलम्माचे पीक

चिट्याल ऐलम्मा १० सप्टेंबर १९८५ रोजी निवर्तल्या, तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या घरात होते. तेलंगणातील जनगावजवळचे पालकुर्ती हे त्यांचे गाव. परीट जातीच्या या शेतकरी स्त्रीने विसनूरच्या देशमुखाला आपले उभे पीक कापून नेऊ दिले नाही. त्यांच्या आयुष्याची कहाणी एका वाक्यात सांगायची तर ती एवढीच आहे. पण निझामाच्या राज्यात एवढे करणेही सोपे नव्हते, अशी त्या मुलखातील कुळांची अवस्था होती.

देशमुख हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. मराठवाडाही त्याच राज्यात होता. परंतु तेलंगणातील देशमुखाची गढी म्हणजे कचेरी, कोर्ट आणि तुरुंग यांचे एकच ठिकाण होते. हजारो एकर जमीन, डझनावारी गावे आणि पदरी पोसलेले गुंड यांच्या जोरावर तो वेठ घेई. प्रत्येक जातीची वेठ ठरलेली असे. परटाने देशमुखाच्या आणि गावच्या अधिकाऱ्यांच्या घरची धुणी धुवावी, भांडी घासावी आणि मोबदला मागू नये, हा रिवाज होता. ऐलम्मांनी शेजारच्या मल्लमपल्लीच्या जमीनदाराची जमीन खंडाने घेतली व भात पिकविला. त्यांच्या घराला आंध्र महासभेच्या 'संघम'चा आधार होता आणि गावातल्या संघमलाही त्यांच्या घराचा आधार होता. देशमुखाला थोड्याशा भाताची भूक नव्हती. वेठ करणारी बाई स्वतःच्या नांगरावर जगू लागली, तर उद्या गढीतली भांडी कोण घासणार, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता.

प्रथम त्याने खटल्यांचा मार्ग धरला. संघमच्या पुढाऱ्यांबरोबर ऐलम्मांच्या घरच्या माणसांनाही त्यांत गोवले. तेवढ्याने भागेना, तेव्हा पीक कापण्यासाठी शंभर गुंड आणि तितकेच मजूर शेतावर पाठविले. समोर संघमचे अवघे २८ कार्यकर्ते लाठ्या घेऊन, घोषणा देत उभे राहिले. गुंड पळाले. भात कापला गेला आणि तो ऐलम्मांच्या घरी पोहोचला. या धैर्याची किंमत कार्यकर्त्यांना अटक व अमानुष छळ सोसून द्यावी लागली. पण धान्य घरातच राहिले.

त्यानंतर ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी येथे याच देशमुखाच्या गुंडांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या आणि दोड्डी कोमरय्या हुतात्मा झाले. तेथून सशस्त्र लढ्याचा वणवा पेटला. सुमारे ३,००० गावे, १० लाख एकर जमिनीचे वाटप आणि ४,००० हुतात्मे हा कॉम्रेड सुंदरय्यांनी नोंदविलेला हिशेब प्रसिद्धच आहे. १९५०चा हैदराबाद कूळकायदा, ज्याचा लाभ मराठवाड्यातील कुळांनाही मिळाला, तो काही सरकारच्या कनवाळूपणातून आला नव्हता.

याच हिशेबातील दुसरी बाजू लपविण्याचे कारण नाही. ऑक्टोबर १९५१मध्ये लढा मागे घेतल्यानंतर त्यातील अनेक स्त्रियांना पुन्हा चुलीपाशी परतावे लागले. १९८०च्या दशकात संशोधक भगिनींनी त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या, त्यांत चळवळीविषयीचे प्रेम आहे तशी ही तक्रारही आहे. पक्षाने ती मान खाली घालून ऐकावी, अशी ती आहे.

आता राज्यकर्त्यांनाही ऐलम्मा हव्याशा वाटू लागल्या आहेत. २०२४ साली हैदराबादच्या महिला विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले, ते योग्यच झाले. मात्र त्या स्वतः कोण होत्या? दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्या शेतकरी होत्या. २०१८ साली तेलंगणात एकरी मदतीची 'रयतु बंधू' योजना आली, तेव्हा पैसे पट्टादाराला मिळाले आणि खंडकरी वगळला गेला. त्याच वर्षी शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला ५ लाख रुपये देणारी विमा योजना आली, तीही पट्टादारापुरतीच. तोंडी करारावर जमीन कसणारा खंडकरी मेला, तर त्याच्या विधवेच्या हाती या योजनेतून एक पैसाही पडण्याची तरतूद तीत नव्हती. खंडकऱ्याची नोंद करा, कसणाऱ्या बाईला शेतकरी म्हणा, ही किसान चळवळीची मागणी ऐलम्मांच्या शेतावरूनच सुरू झालेली आहे.