घाटाखालचे बंदर, घाटावरची द्राक्षे (धागा)

बदलापूरच्या पुलावरून उल्हास नदीकडे पाहणाऱ्याला द्राक्षाची आठवण होण्याचे काहीच कारण नाही. हा मुलूख जांभळांचा आणि भाताचा. समुद्रसपाटीपासूनची उंची नगण्य, पावसाळा मुसळधार, आणि हिवाळ्याच्या रात्रीही खाडीच्या दमट हवेने कोमट झालेल्या. तरीही महाराष्ट्रातील वाइनच्या इतिहासाविषयी जी मोठी गैरसमजूत आज पसरली आहे, तिचा उगम याच खोऱ्यात आहे.

ती गैरसमजूत थोडक्यात अशी: दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात रोमन वाइनचे कुंभ उतरत. तेथून ते नाणेघाटाने जुन्नरला चढत. आज त्याच जुन्नर-नाशिकच्या थंड, उंच पट्ट्यात वाइन तयार होते, म्हणजे हा आपला दोन हजार वर्षांचा वारसा होय. गोष्ट सुरेख आहे, आणि तिचा अर्धा भाग खराही आहे. उरलेला अर्धा मात्र ज्यांनी हा पट्टा खरोखर घडवला त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

आधी खरा भाग. सातवाहन काळात कल्याण हे घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटांचे तोंड होते. एक वाट मुरबाडवरून नाणेघाटाकडे जाई, तर दुसरी आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या अंगाने नदीच्या कडेकडेने बोरघाटाकडे. नाणेघाटात नागनिकेचा शिलालेख आहे आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह कोरवून घेणारा दाता स्वतःला कल्याणचा म्हणवतो. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचेही लेख आहेत. तेव्हा बंदराचा पैसा आणि बंदरावरची माणसे घाट चढून वर जात होती, यात शंका नाही.

प्रश्न वाइनचा आहे. इ. स. पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भरूच बंदरात उतरणाऱ्या वाइनची नोंद आहे: प्राधान्याने इटलीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. पण हीच पुस्तिका कल्याणबद्दल काय सांगते, हे फारसे कोणी उद्धृत करीत नाही. पूर्वी राजमान्य असलेल्या या पेठेचा व्यापार लेखकाच्या काळात अडवला गेला होता, आणि चुकून तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जात. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे कल्याणच्या धक्क्यावर रोमन वाइन उतरवली जाते, तोच ग्रंथ कल्याणचे दार बंद असल्याचे सांगतो.

खापरांचेही तसेच. नेवासे येथील १९५४-५६ च्या उत्खननानंतर दख्खनमधील अँफोरांची बरीच चर्चा झाली. पुढे रोबर्टा टॉम्बर यांनी भारतभरच्या अशा खापरांची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांतील बरीच खापरे भूमध्य समुद्राकडची नसून मेसोपोटेमियातील, आतून डांबर लावलेल्या ‘टॉर्पेडो’ कुंभांची असल्याचे दिसून आले. शिवाय अँफोरा म्हणजे वाइनच, असेही नाही. ऑलिव्हचे तेल आणि खारवलेल्या माशांचा रस्साही त्यातूनच येई. बाहेरून काही वाइन दख्खनमध्ये आली असेल, पण येथे ती तयार होत होती असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. पिणे आणि पिकवणे यांत घाटाएवढे अंतर आहे.

कौटिलीय अर्थशास्त्र याबाबत अधिक उपयोगी ठरते. द्राक्षरसापासून केलेल्या मद्याला ते ‘मधु’ म्हणते, आणि त्याचे प्रकार उगमस्थानावरून सांगते: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. उंच, थंड मुलखातली वाइन प्राचीन भारताला माहीत होती, पण ती वायव्येची. त्या यादीत सह्याद्री नाही.

दख्खनच्या द्राक्षाची खरी महत्त्वाची नोंद चौदाव्या शतकात सापडते. महंमद तुघलकाने दौलताबादेत द्राक्षे आणली, ही कथा बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. राजाच्या नावाशिवाय फळालाही इतिहास मिळत नाही, अशी आपली सवय आहे. इब्न बतूताने मात्र दौलताबादच्या द्राक्षांविषयी एक साधी गोष्ट लिहून ठेवली: येथे वर्षातून दोनदा फळ येते. कोठल्याही सुलतानाच्या उल्लेखापेक्षा हे वाक्य मोलाचे आहे, कारण दख्खनच्या द्राक्षशेतीची सारी अडचण आणि सारे कौशल्य त्यात सामावले आहे.

बरगंडीत हिवाळा वेलीला झोपवतो. बर्फ पडते, पाने गळतात, आणि वसंतात सगळे डोळे एकाच वेळी फुटतात. अर्जेंटिनातील मेंडोसाचे मळे हजार मीटर आणि त्याहूनही उंचावर आहेत. तेथेही थंडी वेलीला विश्रांती देते. नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने ही उंची फार तर चार अंशांचा गारवा देते. विसाव्या अक्षांशावर तो पुरेसा नाही; नाशिकचा पारा उन्हाळ्यात चाळिशीला टेकतोच. येथे वेल झोपत नाही. तिला मोकळे सोडले तर ती वाढतच राहते, फळ वाटेल तेव्हा येते, आणि त्यातले एक पीक नेमके पावसात सापडून डावणीने आणि भुरीने जाते.

यावर द्राक्ष बागायतदारांनी शोधलेला उपाय म्हणजे दोन छाटण्या आणि एकच पीक. फळ उतरल्यावर, एप्रिलच्या सुमारास, खरडछाटणी. त्यानंतर फुटणाऱ्या काड्या उन्हाळा आणि पावसाळा अंगावर घेतात. पुढच्या घडांची बीजे याच काळात डोळ्यांत धरली जातात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. डोळे एकदम फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. युरोपात जे काम हिवाळा करतो, ते येथे हातमोजे घातलेला मजूर एकेका डोळ्याला रसायन चोळून करतो. त्यानंतर फळ पिकते ते जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे निफाडचा पारा कधीकधी पाच अंशांच्या आसपास उतरतो त्या मोसमात. रात्री गार राहिल्या की फळातले आम्ल टिकते, दुपारच्या उन्हाने साखर भरते, आणि वाइनला लागणारा तोल साधतो.

म्हणजे नाशिक-जुन्नरचा ‘थंड पट्टा’ नकाशावर कमी आणि पंचांगात अधिक आहे. पठाराच्या उंचीने आणि सह्याद्रीच्या आडोशाने, म्हणजे पर्जन्यछायेने, शक्यता दिली. हवामान कात्रीने घडवले. अंबरनाथ-बदलापुरात हीच कात्री चालवून उपयोग होणार नाही, कारण तेथे ना रात्र तेवढी गार होते ना हवा कोरडी. पण कात्रीवाचून नाशिकलाही वाइन होणार नाही, हे वारशाच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही.

वाइनचा प्रत्यक्ष इतिहास त्यामुळे आश्चर्य वाटावे इतका अलीकडचा आहे. १९४९ साली कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले, त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदाही झाला. पुढची काही दशके नाशिकची द्राक्षे ताटातच राहिली: आधी भोकरी, मग थॉमसन सीडलेस, पुढे तासगावची तास-ए-गणेश आणि सोलापूरची सोनाका. या वाणांची नावेच सांगतात की प्रयोग कोणत्या बांधांवर झाले. १९८०च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन काढली. नारायणगाव जुन्नर तालुक्यातच आहे. नाणेघाटाच्या माथ्याशी वाइनचा पुरावा शोधायचाच असेल, तर तो हा. २००० साली राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन नाशिकहून आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आखून करसवलती दिल्या. २००९ च्या सुमारास मागणी कोसळली, तेव्हा अनेकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. दोन हजार वर्षांचा वारसा असा दोन हंगामांत उपटता येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा हाच इतिहास दोन्ही बाजूंनी वापरला गेला. एका बाजूला ‘ही आपली संस्कृती नव्हे’, दुसऱ्या बाजूला ‘रोमन काळापासून आपली’. निर्णय बारगळला, वाद मात्र तसाच राहिला. त्यात पहिला पक्ष उत्तरेकडच्या ‘मधु’ला विसरतो आणि दुसरा कल्याणच्या बंद दाराला. दारूच्या बऱ्यावाईटाचा निकाल इतिहासाने लागणार नाही, तो वाद वेगळ्या तराजूत तोलायला हवा. पण बागायतदाराच्या हिताचे नाव घेणाऱ्यांनी तरी त्याच्या कामाला पुरातनत्वाचे वेष्टन घालू नये. वारसा म्हटला की तो आपोआप टिकेल असे वाटू लागते. येथे तर हवामान दर वर्षी नव्याने घडवावे लागते.

आणि ते घडवणे कठीण होत चालले आहे. गोडी छाटणीचे सारे गणित ऑक्टोबर कोरडा जाईल या भरवशावर उभे आहे. परतीचा पाऊस लांबला की कोवळ्या फुटीवर आणि पोंग्यातल्या घडांवर डावणी बसते. छाटणी पुढे ढकलावी, तर फळ मार्च-एप्रिलच्या तापलेल्या रात्रींत पिकते आणि आम्ल उडून जाते. त्यातच फेब्रुवारी-मार्चची अवकाळी गारपीट. कल्याणहून घाटाकडे जाणाऱ्या ढगांखाली सप्टेंबरअखेर उल्हास फुगलेली असते, तेव्हा वर जुन्नर, दिंडोरी, निफाडच्या बागांत मजुरांच्या टोळ्या ठरवलेल्या असतात, कात्र्यांना धार लावलेली असते, आणि छाटणी उद्या धरायची की आठवडाभर थांबायचे, हे अजून ठरलेले नसते.