एकतर्फी निष्ठा

प्रशिक्षकाने दुसरे विद्यापीठ गाठले तर ती प्रगती आणि खेळाडूने गाठले तर ती गद्दारी, हा अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील न्याय आता मोडीत निघाला, हे बरेच झाले. प्रश्न उरतो तो पदवीचा.

तारीख 8 जानेवारी 2018. स्थळ अटलांटाचे मर्सिडीज-बेंझ स्टेडियम. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना आणि मध्यंतराला धावफलक जॉर्जिया 13, अलाबामा 0. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याच्या आठ फेकींपैकी तीनच सहकाऱ्यांच्या हाती लागल्या होत्या आणि त्यांतून मिळाले होते अवघे 21 यार्ड. प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरात हर्ट्सला बसवले आणि टुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवले. अलाबामाने जादा वेळेत 26-23 अशी बाजी मारली. विजयी फेक 41 यार्डांची होती आणि ती टुआची होती. ज्याच्या हाती संघ असताना दोन वर्षांत अलाबामाने 28 पैकी 26 सामने जिंकले, तो हर्ट्स सीमारेषेबाहेर सहकाऱ्यांना मिठ्या मारत होता. संघ जिंकला होता आणि त्याची जागा गेली होती.

ही जागा जाणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे. या खेळात चेंडू ताब्यात असलेल्या संघाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. इतर जागांवर खेळाडू आलटून-पालटून वापरता येतात. एखाद्याला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवताही येते. क्वार्टरबॅकची जागा मात्र क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखी. एक खेळणार आणि उरलेले, कितीही गुणी असले तरी, बाकावर. त्यात मुदतीचा काच. साधारणपणे पाच वर्षांत चार मोसम, एवढेच महाविद्यालयीन खेळाडूचे आयुष्य. त्यातले एक वर्ष बाकावर गेले की व्यावसायिक लीगच्या निवडकर्त्यांना दाखवायला एक वर्ष कमी. त्यामुळे जागा गमावलेला क्वार्टरबॅक दुसरे विद्यापीठ शोधू लागतो, तेव्हा त्याला चंचल ठरवण्यापूर्वी हे गणित मांडून पाहावे.

हर्ट्स मात्र लगेच गेला नाही. तो 2018 चा मोसम टुआचा राखीव म्हणून थांबला आणि डिसेंबरमध्ये त्याच मैदानात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, टुआ जखमी झाल्यावर उतरला. सात गुणांची पिछाडी भरून काढत त्याने सामना 35-28 असा जिंकून दिला. त्याच महिन्यात त्याने पदवी घेतली आणि मग ओक्लाहोमा विद्यापीठाची वाट धरली. तिथल्या एकाच मोसमात तो हाइजमन या सर्वोच्च वैयक्तिक पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. पहिला आला जो बरो. तोही असाच घर बदललेला. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षे राखीव राहून त्याच्या वाट्याला उण्यापुऱ्या 39 फेकी आल्या होत्या. ड्वेन हॅस्किन्सला पसंती मिळणार, हे 2018 च्या वसंतातील सरावात दिसताच बरो पदवी घेऊन लुइझियाना स्टेटला गेला आणि 2019 मध्ये 60 टचडाऊन फेकी करत संघाला 15-0 अशा निर्भेळ यशासह विजेतेपद मिळवून दिले. पुढच्या वर्षी व्यावसायिक निवडीत तो पहिल्या क्रमांकावर होता. हर्ट्स फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियासाठी सुपर बाऊल हा व्यावसायिक लीगचा अंतिम सामना जिंकून त्या सामन्याचा मानकरी ठरला. एका विद्यापीठाने बाकावर बसवलेला खेळाडू निकामी असतोच असे नाही, हे सिद्ध करायला ही दोन नावे पुरेत.

पण नियम त्यांच्यासारख्या पदवीधरांपुरतेच उदार होते. पदवी हाती नसताना वरच्या श्रेणीतील एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या फुटबॉलपटूला एक वर्ष घरी बसावे लागे. जॉर्जियाचा जेकब ईसन हे त्याचे उदाहरण. 2017 च्या पहिल्याच सामन्यात तो जखमी झाला, जेक फ्रॉमने जागा घेतली आणि ती सोडलीच नाही. ईसन वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि नियमानुसार 2018 चा संपूर्ण मोसम त्याने खेळाविना काढला. याच फ्रॉममागे अडकलेला जस्टिन फील्ड्स पुढच्या वर्षी ओहायो स्टेटला गेला, तेव्हा त्याला मात्र खास सवलत मिळून तो लगेच खेळला. नियम तोच, खेळाडू त्याच विद्यापीठाचे, त्याच जागेचे, न्याय वेगळा. हे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेचे सवलतींचे निकष कोणाला उमगले असतील तर तो भाग्यवान.

त्याहून वाईट होती परवानगीची पद्धत. ऑक्टोबर 2018 पर्यंत खेळाडूला इतर विद्यापीठांशी बोलण्यासाठीही आपल्याच विद्यापीठाची संमती लागे आणि कोणत्या विद्यापीठात जायचे नाही, हे प्रशिक्षक ठरवू शकत. 15 ऑक्टोबर 2018 रोजी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ ही विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची यादी सुरू झाली आणि खेळाडूने नुसते कळवले की दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचे नाव यादीत टाकणे विद्यापीठावर बंधनकारक झाले. 2021 मध्ये एकदा विनाअट बदलाची मुभा आली. डिसेंबर 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने पुढच्या बदलांवरील बंधनाला स्थगिती दिली आणि एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने शैक्षणिक पात्रता टिकवणाऱ्यांसाठी संख्येची अटच काढून टाकली. ही शेवटची सुधारणा तरी संघटनेला उपरती होऊन झालेली नाही. न्यायालये आणि राज्यांचे महाधिवक्ते मागे लागले, म्हणून झाली.

यावर जुन्या जाणकारांचा आक्षेप ठरलेला: मुलांमध्ये सबुरी राहिली नाही. त्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. अलाबामाच्याच बाकावर हर्ट्स आणि टुआ यांच्यामागे मॅक जोन्स बसून होता. तो थांबला, 2020 मध्ये त्याच्या हाती संघ आला आणि अलाबामा एकही सामना न गमावता विजेता ठरला. टेक्सासमध्ये आर्च मॅनिंगसारखे वलयांकित आडनाव असलेला मुलगाही क्विन यूअर्सच्या मागे दोन वर्षे थांबला. उलट क्लेमसनचा केली ब्रायंट 2018 मध्ये चार सामन्यांनंतर ट्रेव्हर लॉरेन्सला जागा मिळताच बाहेर पडला. चारच सामने खेळल्यास मोसम हिशेबात धरला जात नाही, या नव्याकोऱ्या नियमाने त्याचे एक वर्ष वाचले. त्याच आठवड्यात सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्स जखमी झाला आणि चेस ब्राइस या राखीव खेळाडूवर सामना वाचवण्याची वेळ आली. सोडून जाणाऱ्याची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते, ती अशी. पण जोन्सला संधी मिळाली ती हर्ट्स गेल्यामुळे आणि टुआ जायबंदी झाल्यामुळे, हेही विसरता येत नाही. सबुरीचे फळ गोड असते हे खरे. ते प्रत्येकाच्या झाडाला लागते, हे मात्र खोटे.

आणि सबुरीचे हे धडे देतात कोण? नोव्हेंबर 2021 मध्ये प्रशिक्षक लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले. त्याच आठवड्यात ब्रायन केली यांनी नोत्र दामला रामराम ठोकून लुइझियाना स्टेट गाठले, तेव्हा त्यांच्या संघाची बाद फेरी गाठण्याची आशा जिवंत होती. लुइझियाना स्टेटने 2025 च्या मोसमात केलींना काढले आणि त्यांच्या जागी लेन किफिन आले, तेही मिसिसिपीचा संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना त्याला सोडून. टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये जिम्बो फिशर यांना घरी पाठवले, त्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याची तयारी ठेवून. काम न करण्याचे एवढे पैसे मिळवणाऱ्यांनी 19 वर्षांच्या मुलाला निष्ठा शिकवावी, हा विनोदच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही रीत विद्यापीठाच्या आवारात तरी शोभत नाही. मुलाची जागा काढून घेताना संघहिताचा दाखला द्यायचा आणि त्याने स्वहित पाहिले की त्याला स्वार्थी म्हणायचे, हा करार एकतर्फी आहे.

मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. मुंबईकडून रणजी सामना खेळायला न मिळालेला अर्जुन तेंडुलकर 2022 मध्ये गोव्याकडे गेला आणि पदार्पणातच पर्वरीत शतक ठोकून आला. मुंबईने 2024 मध्ये वगळलेला पृथ्वी शॉ पुढच्या मोसमात महाराष्ट्राकडून खेळू लागला. त्यासाठी लागते ते संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र. हरकत घ्यायची की नाही, हा अधिकार संघटनेचा आणि अर्जदार नेहमी खेळाडू. अमेरिकेने निदान महाविद्यालयीन पातळीवर ही पायरी काढून टाकली, याची नोंद आपल्या क्रीडा संघटनांनी घ्यावी.

म्हणजे सारे आलबेल आहे काय? मुळीच नाही. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमाई करण्याची मोकळीक मिळाली. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठे आता थेट पैसे देऊ शकतात आणि पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची ही मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. या बाजारात क्वार्टरबॅकला मोठी मागणी असते. परिणामी जागा गमावलेल्याबरोबर जागा असलेलाही बाजारात उभा राहू लागला. एप्रिल 2025 मध्ये टेनेसीचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक निको यामालियावा मानधनाच्या वादातून संघाबाहेर पडला आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संघात गेला. बदलांसाठीची वसंतातली खिडकी एनसीएएने आता बंद केली आणि 2026 पासून 2 ते 16 जानेवारी हाच काळ ठेवला, हे योग्यच. संघ बांधायला आणि सेमिस्टर सुरू करायला काही वेळापत्रक लागते. परंतु खिडकी लहान केली म्हणून मूळ दुखणे बरे होत नाही.

ते दुखणे वर्गखोलीत आहे. हर्ट्स आणि बरो यांचे दाखले देताना एक गोष्ट सोयीने गाळली जाते: दोघेही पदवी घेऊन बाहेर पडले. हर्ट्सने तर पुढे ओक्लाहोमातून पदव्युत्तर पदवीही घेतली. आज बाहेर पडणारे बहुतेक पदवीआधीच निघतात. सदर्न कॅलिफोर्नियाचा जेटी डॅनियल्स 2019 मध्ये गुडघा दुखावून जागा गमावून बसला आणि त्यानंतर जॉर्जिया, वेस्ट व्हर्जिनिया, राइस अशी तीन विद्यापीठे त्याने पाहिली. क्लेमसनमध्ये जागा गमावलेला डीजे उइअंगलेले ओरेगॉन स्टेटमार्गे फ्लोरिडा स्टेटला पोहोचला. अशा प्रत्येक मुक्कामी श्रेयांकांचा हिशेब नव्याने होतो. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांक हा शब्द घरोघरी नेला आहे, तेव्हा मुद्दा कळायला अवघड नाही. एका विद्यापीठात मिळवलेले सगळे श्रेयांक दुसरे विद्यापीठ मानतेच असे नाही आणि आपली पदवी देण्यासाठी ठरावीक श्रेयांक आपल्याच वर्गांत मिळवलेले हवेत, अशी अट अनेक विद्यापीठांची असते. दुसरीकडे, खेळण्यासाठी पात्र राहायचे तर दुसरे वर्ष संपताना पदवीचा 40 टक्के, तिसरे संपताना 60 टक्के आणि चौथे संपताना 80 टक्के भाग पूर्ण हवा. मग नव्या विद्यापीठात गेलेल्या मुलाला त्याच्या आवडीच्या अभ्यासक्रमाऐवजी जुने श्रेयांक जिथे बसतील तो अभ्यासक्रम सुचवला जाणे ओघाने आले. चेंडू फेकण्याची कला त्याच्यासोबत जाते. रसायनशास्त्राचे श्रेयांक जातीलच याची हमी कोणी देत नाही.

शिष्यवृत्ती आणि उर्वरित शुल्काच्या हमीची तरतूद नियमांत आहे. पण शुल्क भरले म्हणून वाया गेलेली दोन सेमिस्टर परत येत नाहीत. व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ आहेत, म्हणजे पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकच्या जागाही तेवढ्याच. दरवर्षी घर बदलणाऱ्या क्वार्टरबॅकपैकी बहुतेकांना त्यातली एकही मिळणार नाही. त्यांना पुढची चाळीस वर्षे ज्या कागदावर काढायची आहेत, तो कागद पदवीचा.

म्हणून सुधारणा करायची तर ती इथे करा. खेळाडूला रोखण्याचे नवे-जुने उपाय शोधणे सोडा. न्यायालयात ते टिकत नाहीत आणि टिकूही नयेत. खेळाडूशी करार करण्यापूर्वी त्याचे किती श्रेयांक मान्य होणार, कोणता अभ्यासक्रम त्याला मिळणार आणि पदवी कधी पूर्ण होणार, हे नव्या विद्यापीठाने लेखी द्यावे. दिलेला शब्द मोडला तर दंड विद्यापीठाला बसावा, जसा करार मोडणाऱ्या खेळाडूला भरपाईच्या कलमांतून बसवण्याचा प्रयत्न आज होतो. करार बहुवार्षिक असोत, पण बांधले जावेत दोन्ही पक्ष. प्रशिक्षक गेला तर त्याच्या भरवशावर आलेल्या खेळाडूंना विनाअट मोकळीक असावी. जे विद्यापीठ एवढे लिहून द्यायला तयार नसेल, त्याने आपल्या क्वार्टरबॅकला विद्यार्थी म्हणण्याचा हक्क सोडावा आणि त्याला नोकरीचे पत्र द्यावे.