परीक्षेला न येणारं पुस्तक

गेल्या डिसेंबरमधल्या एका रविवारी आम्ही पाच जण पुणे पुस्तक महोत्सवाला गेलो होतो. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि इचलकरंजीहून आलेली माझी अम्मी. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर माणसांची नुसती रीघ लागली होती. दोन रांगा फिरून झाल्यावर अम्मी म्हणाली, "तुम्ही फिरा बाबा. मी इथंच बसते. मला काय कळणार पुस्तकांतलं?"

अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली. मराठी झरझर बोलते, पण वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर लावत जाते. एका स्टॉलवाल्यानं तिला बसायला खुर्ची दिली, म्हणून आम्हीही त्याच स्टॉलवर रेंगाळलो. मुलीनं टेबलावरचं एक जाडजूड पुस्तक उघडलं. महाराष्ट्रातल्या चित्रकारांवरचं होतं. पानं उलटता उलटता ती एका निसर्गचित्रावर थांबली. तळ्याचं पाणी आणि काठावरची झाडी. अम्मीनं बसल्या जागेवरून मान लांब केली आणि एकदम म्हणाली, "अगे, ये तो अपना कोटितीर्थ!"

तिच्या मावशीचं घर कोल्हापुरात त्या तळ्याजवळ होतं. लहानपणी सुट्टीत ती तिथं राहायला जायची. पुढची वीस मिनिटं अम्मी सांगत होती आणि पोरं ऐकत होती. मावशीच्या घराचा जिना, पाण्यात टाकलेले खडे, खाल्लेला मार. पुस्तक उघडंच होतं. मग मुलीनं चित्राखालचं नाव वाचलं, "अबालाल रहिमान." जरा थांबून तिनं विचारलं, "दादी, हे आपल्यातले होते? आपल्यातले लोकपण चित्रं काढतात?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. कारण कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर लहानाचा मोठा होऊनही हे नाव मी स्वतः तिशी ओलांडल्यावर ऐकलं होतं.

अबालाल रहिमान कोल्हापूरचे. घराण्यात कुराणाच्या प्रती हातानं लिहिण्याची परंपरा होती. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. कोटितीर्थाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. १९३१ साली त्यांचं निधन झालं. कोल्हापूरला लोक कौतुकानं 'कलापूर' म्हणतात. त्या कलापुराच्या पायाच्या दगडांपैकी एक दगड आपल्या घरातला आहे, आणि आपल्याच पोरांना त्याचा पत्ता नाही. एम. एफ. हुसेन यांचं नाव आपण ऐकलेलं असतं, तेही बहुतेक वेळा वादांच्या निमित्तानं. ते १९१५ साली पंढरपुरात जन्मले, एवढं तरी किती जणांना माहीत असतं?

मुलीच्या त्या प्रश्नाबद्दल आज लिहावंसं वाटलं. तो प्रश्न तिला पडला याचा दोष तिचा नाही. पुस्तकाकडे बघायची जी सवय आम्ही घरात लावली, तिच्यातून तो आला आहे.

माझे अब्बा यंत्रमागावर कामाला होते. गावात पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की ते रात्रपाळी करून आलेले असले तरी मला घेऊन जायचे. आत गेल्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "परीक्षेला येतं का हे?" येत असेल तर पैसे देताना त्यांनी कधी मागंपुढं पाहिलं नाही. गाईड, प्रश्नसंच, इंग्रजी व्याकरण, सगळं मिळालं. एकदा मी आगगाडीच्या चित्रांचं पुस्तक धरून उभा राहिलो, तर त्यांनी ते हळूच परत ठेवलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्या गाईडांनीच मला इंजिनिअर केलं, आणि पगार किती हातात येतो हे ठाऊक असलेल्या माणसानं चित्राच्या पुस्तकावर तो खर्च करावा असा हट्ट मी आजही धरणार नाही.

पण आता पगार माझा आहे, तरी प्रश्न अब्बांचाच आहे. गेल्या काही वर्षांत ओळखीची बरीच कुटुंबं प्रदर्शनांत भेटली. त्यांच्या पिशव्यांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, मुलांसाठी इंग्रजीची आणि दीनी किताबं असतात. तिन्ही लागतात, तिन्ही घ्यावीत. माझं म्हणणं एवढंच की त्या पिशवीत चौथं पुस्तक असावं. नुसतं बघायचं, सगळ्यांनी मिळून बघायचं, कशालाच 'न येणारं'.

याचं पहिलं कारण अम्मीनंच दाखवून दिलं. मजकुराचं पुस्तक घरातल्या शिकलेल्या माणसाचं असतं. बाकीचे ऐकणारे. चित्रांच्या पुस्तकासमोर मात्र चौथी पास दादी, इंजिनिअर मुलगा आणि अक्षरओळख नसलेला नातू एकाच सतरंजीवर येतात. उलट त्या दिवशी आमच्यात सगळ्यात जाणकार अम्मीच ठरली. आपल्या घरांत उर्दू वाचणारी एक पिढी, मराठी वाचणारी दुसरी आणि इंग्रजी वाचणारी तिसरी अशी सर्रास विभागणी झाली आहे. या तिघांना एकत्र बसवणारं पुस्तक शोधायचं तर ते चित्रांचंच सापडेल.

दुसरं कारण, आपल्या वारशाची अस्सल चित्रं आपल्यापासून लांब आहेत. विजापूरच्या आदिलशाहीत १५७० मध्ये तयार झालेला 'नुजूम-उल-उलूम' हा सचित्र ग्रंथ आज आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र फारसी काव्य मात्र पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवलं आहे. त्यातल्या चित्रांत शहाबरोबर त्याची राणी खुंझा हुमायूं, म्हणजे चांदबीबीची आई, रंगवली होती. पुढे कुणीतरी बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली. मी पुण्यात बारा वर्षं राहतो. मंडळावरून कितीदा तरी गेलो असेन. ही गोष्ट मला कळली ती दख्खनी चित्रकलेवरच्या एका पुस्तकात, प्रदर्शनातल्या स्टॉलवर उभ्या उभ्या पानं चाळताना. चारशे वर्षांहून जुनी हस्तलिखितं पोरांच्या हातात कुणी देणार नाही, आणि देऊही नयेत. छापलेलं पुस्तक मात्र मांडीवर घेता येतं. ज्या घरातलं कुणी कधी कलादालनाची पायरी चढलं नाही, त्या घरासाठी पुस्तकांचं प्रदर्शन हेच संग्रहालय आहे.

तिसरं कारण डोळ्यांचं आहे. माझं काम दिवसभर स्क्रीनसमोर. पोरांच्याही डोळ्यांसमोरून दिवसाला शेकडो चित्रं सरकतात, थांबत एकही नाही. म्हणून मी घरात एक खेळ सुरू केला. साधं भिंग घ्यायचं आणि छापील चित्रावर धरायचं. चित्र नाहीसं होतं आणि ठिपके दिसायला लागतात. आकाशी, किरमिजी, पिवळे आणि काळे. एवढ्या चार शाईंतून कोटितीर्थाचं पाणी तयार झालेलं असतं. नंतर तेच भिंग मोबाइलच्या पडद्यावर धरा, तिथं लाल, हिरवा, निळा. चार वर्षांचा मुलगा आता सापडेल त्या कागदावर भिंग धरून बसतो, वाण्याच्या पुड्यासुद्धा सुटत नाहीत.

आता अडचणी. पहिली अडचण चित्रांबद्दलच्या मतांची. सजीवांच्या चित्रांबाबत आपल्या घराघरांत वेगवेगळी भूमिका असते आणि ज्याची त्यानं ती ठरवावी. पण त्यावरून कलेचं आख्खं दालन बंद करायचं कारण नाही. सुलेखन, भौमितिक नक्षी, घुमट आणि जाळ्या, बिदरी काम, विणकाम, बागा, डोंगर, पाणी, या सगळ्यांवर देखणी पुस्तकं निघतात. अबालालांचं तळं त्याच जातीचं.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती खरी आहे. मोठी कलाग्रंथं हजारांच्या घरात जातात. पण सगळीच नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची चित्रमय पुस्तकं आजही अगदी थोडक्या पैशांत मिळतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं आहेत, आणि हातात ब्रश धरू पाहणाऱ्या मुलांसाठी मिलिंद मुळीक यांची जलरंगांवरची पुस्तकंही त्यांचीच. मुंबईत १९४६ साली मुल्कराज आनंद यांनी सुरू केलेलं 'मार्ग' हे कलेला वाहिलेलं इंग्रजी नियतकालिक आहे. त्याचे जुने अंक रद्दीत किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडले तर सोडू नका. मराठीत सतीश नाईक यांनी 'चिन्ह'मधून चित्रकारांवर जे काम केलं, तेही शोधून बघण्यासारखं आहे. चेन्नईच्या तारा बुक्सचं 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' विकत घेणं जमलं नाही तरी स्टॉलवर हातात घेऊन बघाच. गोंड चित्रकारांची झाडं काळ्या कागदावर हातानं छापलेली आहेत, बोट फिरवलं की शाईचा थर जाणवतो. आणि खिशात काहीच नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांतली सचित्र पुस्तकं फुकट वाचता येतात. महागडं पुस्तक मोहल्ल्यातल्या पाच घरांनी मिळून घ्यावं, प्रत्येकाकडे दोन-दोन महिने राहील. भिशी लावायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

तिसरी अडचण बोलली जात नाही. काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या प्रदर्शनात माझ्या बायकोचा हिजाब बघून एका विक्रेत्यानं न विचारताच सांगितलं, "ताई, उर्दू पुस्तकं पलीकडच्या रांगेत आहेत." बोलला आदरानंच. पण आम्ही मराठी बालकवितांचं पुस्तक शोधत होतो. बायको हसून म्हणाली, "तिकडंही जाणारच आहे भाऊ, आधी इथलं बघते." आणि तिनं तिथूनच दोन पुस्तकं घेतली. असे प्रसंग टोचतात आणि माणूस पुढच्या वर्षी जायचं टाळतो. मला वाटतं, त्यानंतर तर जायलाच हवं. दरवर्षी, सहकुटुंब. मराठी पुस्तकांच्या रांगेत आपण नेहमीचे गिऱ्हाईक झालो की कुणी वाट दाखवायला येणार नाही. मालेगाव, भिवंडी, मुंबई इथं राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेनं भरवलेल्या किताब मेळ्यांना आपण हक्कानं जातो. तोच हक्क इथंही आहे, आणि उर्दू मेळ्याला जाताना एखाद्या मराठी शेजाऱ्यालाही सोबत न्यावं.

आमच्या घरात हळूहळू काही रीत बसली आहे. शक्यतो रविवारी सकाळी, गर्दीच्या आधी पोचायचं. पहिली फेरी फक्त बघण्याची, पाकीट बाहेर काढायचं नाही. दोन्ही मुलांना ठरलेली रक्कम हातात द्यायची, त्यांचं पुस्तक तीच निवडणार, मला पटो न पटो. मुलानं मागच्या वेळी फक्त ट्रकची चित्रं असलेलं पुस्तक घेतलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मला आगगाडी आठवली. दुसऱ्या फेरीत घराचं म्हणून एक पुस्तक, तेही सगळ्यांच्या मतानं. आणि प्रदर्शनाचा मोसम नसेल तर पाचगणीजवळचं भिलार आहे. २०१७ पासून हे 'पुस्तकांचं गाव' आहे. गावकऱ्यांच्या घरांत बसून पुस्तकं चाळता येतात, त्याला पैसे पडत नाहीत.

राहिलं ते जाडजूड पुस्तक. किंमत बघून मी ते त्या दिवशी खाली ठेवलं होतं. अम्मीनं बटव्यातून घडी घातलेल्या नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "गाईड घेताना तुझ्या अब्बांनी कधी किंमत बघितली होती का?" उरलेले मी घातले.

आता ते पुस्तक आमच्या बैठकीत असतं, माझ्या जुन्या लॅपटॉपच्या स्टँडवर, उघडं. रोज सकाळी शाळेला जाण्याआधी मुलगी एक पान उलटते. अम्मी इचलकरंजीला परत गेली, पण रात्री फोन आला की सलाम-दुआ झाल्यावर तिचा पहिला प्रश्न असतो, "आज कुठलं पान?" मग मुलगी तिला चित्र सांगते. रंग सांगते, माणसं सांगते, झाडं मोजून सांगते. चित्रकाराचं नाव सांगते. तो कोणातला, हे मात्र ती आता विचारत नाही.