पारदर्शक फिल्म आणि आपले हुनर

आंबिवलीजवळच्या मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. हजारो घरांचा रोजगार गेला, तसेच एक हुनरही पांगले. व्हिस्कोसचा रस बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की रेयॉनचा धागा होतो. तोच रस लांब फटीतून सोडला की सेलोफेनचा पारदर्शक कागद होतो. धागा आणि फिल्म ही एकाच घरची भावंडे आहेत.

आज जगाला हवी आहे ती पारदर्शक असूनही वीज वाहून नेणारी फिल्म. मोबाईलच्या काचेला बोट लावताच काम होते, ते अशाच थरामुळे. हा थर बहुधा इंडियम व कथलाच्या ऑक्साइडचा असतो. इंडियम दुर्मिळ, आणि थर ठिसूळ. वाकवला की तडकतो. त्याला पर्याय म्हणून ग्राफीनकडे पाहिले जाते. ज्या मँचेस्टरच्या कापडाने एके काळी आपले माग थंड केले, तेथेच २००४ मध्ये गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ पापुद्रा वेगळा केला. त्याबद्दल २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. असा एक पापुद्रा फक्त २.३ टक्के प्रकाश अडवतो. त्याच वर्षी दक्षिण कोरियात तो भट्टीत तांब्याच्या पातळ पत्र्यावर वाढवून, रोलरने प्लॅस्टिकवर उतरवून ३० इंची फिल्म तयार झाली.

अडचण अशी की, पापुद्रे वाढवले तर वीज बरी वाहते, पण प्रकाश घटतो. उतरवताना सुरकुती किंवा चीर पडली तर विजेला अडथळा होतो. म्हणून बाजारावर अजून जुन्याच थराचे राज्य आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, सुरकुती न पाडता रोल चालवणे, ताण सारखा ठेवणे, लेप एकसमान देणे, सुकवणे ही कामे भिवंडी-कल्याणच्या सायझिंग व प्रोसेसिंगमधील कारागिरांना परकी नाहीत. कमी आहे ती रसायनाच्या तालमीची. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची सुरुवात १९३३ मध्ये झाली, तीही वस्त्र-रसायनाच्या शिक्षणाने. मुलांना केवळ गादीवर बसवू नका, हे शिकू द्या.

आणि व्यापारी बंधूंनो, ग्राफीनच्या नावाने कोणी अशी फिल्म विकायला आला तर एकाच नमुन्याचे दोन आकडे मागा: प्रकाश किती टक्के पार होतो आणि दर चौरसाला रोध किती ओहम. एकच आकडा सांगणाऱ्याला बयाणा देऊ नका.