उपनगरांत शासकीय आरोग्य योजनांच्या कार्डावर श्रवणतज्ज्ञांची सेवा मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, वरळी, मुंबई

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी, बृहन्मुंबई महानगरपालिका, मा. जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर, वांद्रे (पूर्व)

विषय : अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर परिसरात योजनेच्या कार्डावर ऑडिओलॉजिस्ट उपलब्ध करणे

श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टर हे दोन वेगळे व्यावसायिक आहेत. कानातला मळ, वाहणारा पू, पडद्याला पडलेले छिद्र हे डॉक्टरचे क्षेत्र. ऐकू किती येते, कोणत्या पट्टीतले आवाज निसटतात हे ध्वनिरोधक खोलीत मोजणे (ऑडिओमेट्री), कानाचे मशीन निवडणे, साचा घेऊन ते बसवणे आणि पुढे वेळोवेळी जुळवणे हे ऑडिओलॉजिस्टचे. त्यासाठी इंटर्नशिपसह चार वर्षांची पदवी लागते आणि १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार केंद्रीय नोंदवहीत नावही लागते. आरोग्य योजनांच्या कागदांत हा भेद हरवतो आणि उपनगरांतील रुग्णांची वणवण तेथूनच सुरू होते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत मुंबई उपनगर जिल्हा होता. आता आयुष्मान भारतशी जोडलेल्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील नागरिक, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान कार्डास पात्र आहेत. मात्र सगळी रचना रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांभोवती उभी आहे. वयोमानाने आलेल्या बहिरेपणात दाखल होण्यासारखे काही नसते. लागते ती ऑडिओमेट्री, मशीन आणि पुन्हा पुन्हा भेट, आणि ही सगळी कामे ओपीडीची. पाच लाखांचे कार्ड हाती असलेल्या पंचाहत्तरीच्या गृहस्थाला काही हजारांच्या मशीनसाठी त्या कार्डाचा उपयोग होत नाही, ही या योजनेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

अंगीकृत रुग्णालयांच्या यादीत ‘कान-नाक-घसा’ अशी विशेष सेवा असते. त्या नोंदीवरून तेथे ऑडिओलॉजिस्ट बसतो का, कोणत्या वारी, लहान मुलांची बेरा (मेंदूच्या प्रतिसादावरून ऐकणे मोजणारी) तपासणी होते का, यातले काहीच कळत नाही. केसपेपर काढून रांगेत उभे राहिल्यावरच ते समजते. ज्याला खिडकीपलीकडून पुकारलेले नावही ऐकू येत नाही, त्याच्यासाठी ही रांग दुप्पट अवघड. अखेर अनेक जण मशीन विकणाऱ्या दुकानातील मोफत तपासणीकडे वळतात. तेथे तपासणाऱ्याचे नाव केंद्रीय नोंदवहीत आहे का, हे विचारायचे असते हेही बहुतेकांना ठाऊक नसते.

इतर मार्ग आहेत, पण प्रत्येकाची अट निराळी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक २ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीला साहाय्यभूत साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये मिळतात. त्यात चांगले डिजिटल मशीन बसत नाही. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगारांसाठी राज्य कामगार विमा योजना आहे, आणि गोंगाटाने येणारे बहिरेपण त्या योजनेच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेले आहे. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या कामगारांसाठी ही तरतूद मोलाची आहे. मात्र असे बहिरेपण सिद्ध होते ते ऑडिओमेट्रीच्या आलेखानेच. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेला दिव्यांग प्रमाणपत्र लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी म्हणजे ‘ऐकण्यास कठीण’. पन्नास डेसिबलची हानी असलेल्या व्यक्तीला साधे बोलणेही नीट ऐकू येत नाही, तरी ती या व्याख्येत बसत नाही.

सर्वाधिक नुकसान लहान मुलांचे होते. पहिल्या महिन्यात श्रवणचाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार हा जगभर मान्य क्रम आहे, कारण ऐकू न आलेली भाषा मूल बोलू शकत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट झाले तरी मॅपिंग (यंत्राची जुळवणी) आणि वाचा-उपचार वर्षानुवर्षे चालतात. मुंबईत यासाठी दोन भक्कम सार्वजनिक ठिकाणे आहेत : वांद्रे रेक्लमेशन येथील, १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, आणि मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय. मुलुंडच्या आईला मुलासह दादरला गाडी बदलून वांद्र्याला आणि तेथून बस किंवा रिक्षाने रेक्लमेशनला जावे लागते. रोजंदारी बुडते, आठवड्याच्या फेऱ्या पंधरवड्यावर जातात, आणि मग थांबतात.

म्हणून मागणी अशी की, वरील परिसरांतील के पूर्व, के पश्चिम, आर मध्य, टी आणि एन या वॉर्डांसाठी प्रत्येक शासकीय, पालिका व अंगीकृत रुग्णालयातील ऑडिओलॉजिस्टचे दिवस, वेळा, होणाऱ्या तपासण्या आणि चालणारी कार्डे यांची मराठी यादी प्रसिद्ध करून ती दर तीन महिन्यांनी अद्ययावत करावी. यादी संकेतस्थळापुरती न ठेवता पालिकेचे दवाखाने व शिधावाटप कार्यालये येथेही लावावी. ऑडिओमेट्री, बेरा, मशीन, साचा आणि पुढील भेटी यांचा ओपीडी गट योजनेत घ्यावा. कान-नाक-घसा सेवेसाठी रुग्णालय अंगीकृत करताना नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्टची अट घालावी. कूपर, राजावाडी, भगवती आणि मुलुंडचे अगरवाल या पालिका रुग्णालयांत आठवड्यातील किमान दोन ठराविक दिवस श्रवण ओपीडी निश्चित करावी, आणि मनुष्यबळ अपुरे पडेल तेथे नायर व राष्ट्रीय संस्थेतील इंटर्न विद्यार्थ्यांना मार्गदर्शकासह नेमावे. पालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात नवजात बाळाची श्रवणचाळणी घरी सोडण्यापूर्वी व्हावी व तिचा निकाल बाळाच्या कार्डावर लिहावा. रुग्णालयांतील योजनेच्या आरोग्यमित्रांच्या टेबलावर लिहून संवाद साधण्याची सोय असावी आणि रुग्णाचा क्रमांक फलकावर दिसावा. या मुद्द्यांवर केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे.

निवेदक : अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील श्रवणबाधित मुलांचे पालक आणि ज्येष्ठ नागरिक