डिझाइनर पण मीच, डेव्हलपर पण मीच: एआयच्या काळात कारंज्यातल्या वेबवाल्याचं काय होणार?

"पाच पानांची साइट करायचीय, किती घेशील?" हा प्रश्न छोट्या गावात वेबसाइट बनवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. गेल्या वर्षभरात त्याला एक शेपूट जोडलं गेलंय: "माझा भाचा म्हणतो, एआयवर फुकटात होते."

भाच्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, आणि अडचण तिथेच आहे. कारंजा (घाडगे) सारख्या तालुक्याच्या गावात जो माणूस डिझाइन आणि कोडिंग दोन्ही एकटाच करतो, त्याचा धंदा बसणार की वाढणार, हे आज समजून घेऊ.

आधी घडलं काय ते बघू

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रेई कारपथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द वापरला. अर्थ सोपा आहे: कोड स्वतः लिहायचा नाही, काय हवंय ते साध्या भाषेत एआयला सांगायचं. वर्ष संपता संपता कॉलिन्स शब्दकोशाने तोच '२०२५ चा शब्द' म्हणून निवडला. त्याच वर्षी मे महिन्यात फिग्माने 'फिग्मा मेक' आणि 'फिग्मा साइट्स' आणलं. ज्या फिग्मात डिझाइनर नुसतं चित्र काढायचे, तिथूनच आता चालती साइट बाहेर पडते. व्ही-झीरो, लव्हेबल, बोल्ट ही याच रांगेतली इतर साधनं.

डिझाइनर आणि डेव्हलपर यांच्यातली भिंत दोन्ही बाजूंनी पडतेय. डिझाइनरला कोड न लिहिता साइट काढता येते, आणि डेव्हलपरला डिझाइनर न ठेवता बऱ्यापैकी दिसणारं पान मिळतं. मग जो आधीपासूनच दोन्ही करत होता, त्याचं काय?

ही भिंत मुळात होतीच कुठे?

वेबच्या सुरुवातीच्या काळात 'वेबमास्टर' नावाचा एकच माणूस सगळं करायचा. मजकूर टाकणं, रंग ठरवणं, सर्व्हर सांभाळणं, सगळं त्याच्याकडे. १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली गेली, १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आली, आणि काम वाढत गेलं तशी माणसं वेगळी झाली. २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह' डिझाइनची कल्पना मांडली. एकच साइट मोबाइलवर आणि मोठ्या स्क्रीनवर आपोआप जुळवून घेईल, ही ती कल्पना. त्यानंतर नुसतं फोटोशॉपमध्ये पान रंगवून देणं पुरेनासं झालं. तरी पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत दोन खाती वेगळीच राहिली.

कारंज्यात मात्र ती कधी वेगळी झालीच नाहीत. नागपूर-अमरावती महामार्गावरचं हे गाव, आजूबाजूला संत्र्याच्या बागा. इथल्या कृषी केंद्राला, मंगल कार्यालयाला किंवा कोचिंग क्लासला साइट हवी असेल, तर ते दोन माणसांचे पैसे देणार नाहीत. त्यामुळे इथला वेबवाला लोगो पण करतो, वर्डप्रेस पण बसवतो, डोमेनचं रिन्युअल पण लक्षात ठेवतो, आणि रात्री अकराला "साइट उघडत नाही" असा फोन आला तर तोही त्यालाच घ्यावा लागतो.

'दोन्ही करणारा म्हणजे दोन्हीत कच्चा' असा एक समज आहे. मराठी माणसाने त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' फॉन्ट, ज्यावर आपण सगळ्यांनी कधी ना कधी मराठी वाचलंय, तो र. कृ. जोशी यांनी केला. ते सुलेखनकार होते, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवत होते, आणि संगणकावर देवनागरी कशी बसवायची या तांत्रिक कामातही ते तेवढेच मुरलेले होते. अक्षराचं वळण आणि मशीनचा नियम या दोन्ही गोष्टी एका डोक्यात असल्या की काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

एआय काय करतं, काय करत नाही

एआय पाच पानांची साइट करून देतं, आणि ती दिसायलाही ठीक असते. घोळ आत असतो.

फिग्मा साइट्स आलं तेव्हाच ॲक्सेसिबिलिटीच्या जाणकारांनी त्यावर टीका केली. साइट सुंदर दिसत होती, पण आतला कोड स्क्रीन रीडरला कळेल असा नव्हता. शीर्षक कुठलं, बटण कुठलं, हे अंध वापरकर्त्याला समजायचा मार्गच नाही.

हा दोष एकट्या एआयचा नाही. 'वेबएम' ही संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख लोकप्रिय साइट्सची मुख्य पानं तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या चुका सापडल्या. सगळ्यात जास्त आढळलेली चूक म्हणजे फिकट, न वाचता येणारी अक्षरं, ती ७९.१ टक्के पानांवर होती. एआय शिकलंय याच वेबवरून. त्यामुळे त्याच चुका तो जास्त वेगाने करून देणार, हे उघड आहे.

एक उदाहरण घेऊ: संत्र्याची साइट

समजा, कारंज्यातल्या एका संत्रा व्यापाऱ्याला साइट हवी आहे. एआयला सांगितलं, दहा मिनिटांत पान तयार. आता त्यात काय काय तपासावं लागेल ते बघा.

*रंग.* संत्र्याचा धंदा म्हटल्यावर बटण संत्री रंगाचं आणि त्यावर पांढरी अक्षरं येणार. दिसायला मस्त. पण वेबचा जो ठरलेला 'ऑरेंज' रंग आहे, त्यावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २ ला १ भरतो. साध्या मजकुरासाठी नियम किमान ४.५ ला १ चा आहे. दुपारच्या उन्हात बागेत उभं राहून मोबाइल बघणाऱ्याला ते बटण दिसणारच नाही. त्याच रंगावर काळी अक्षरं ठेवली तर हे गुणोत्तर १० च्या वर जातं. बदल एका ओळीचा आहे, पण तो करायचा हे कळायला रंग पण समजावा लागतो आणि नियम पण.

*मराठी अक्षरं.* इंग्रजी साइट्सच्या सवयीने शीर्षकातल्या अक्षरांमध्ये जरा अंतर वाढवलं जातं. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. इंग्रजीसाठी ठरवलेली ओळींची उंची ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. आणखी एक गोष्ट: मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप दिसायला पानाच्या कोडमध्ये 'या पानाची भाषा मराठी आहे' असं लिहावं लागतं. तीच ओळ स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडायला सांगते. मग ही एक ओळ डिझाइनमध्ये धरायची की कोडमध्ये? दोन्हीत.

*गावाचं नाव.* नुसतं 'कारंजा' लिहिलं तर वाशिम जिल्ह्यातलं कारंजा (लाड) आणि आपलं कारंजा (घाडगे) यांची गल्लत ठरलेली. ग्राहक किंवा ट्रक भलत्या जिल्ह्यात पोचायला नको. त्यामुळे शीर्षकात पूर्ण नाव, पत्त्यात तालुका, जिल्हा आणि पिनकोड, आणि सर्च इंजिनला कळेल अशा ठरावीक मांडणीत तोच पत्ता कोडमध्येही हवा. एआयला हे आपणहून सुचेलच असं नाही. कारंज्यात राहणाऱ्याला ते आधी सुचतं.

*वजन.* बागेचे मोबाइलवर काढलेले फोटो तसेच चढवले तर एकेक फोटो कितीतरी एमबीचा असतो. रेंज कमी असलेल्या गावात ते पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. फोटो लहान करायचे, आणि जे खाली आहेत ते स्क्रोल केल्यावरच लोड करायचे. दिसणं किती राखायचं आणि वेग किती राखायचा, हा हिशोब दोन्ही बाजू कळणाराच नीट करू शकतो.

आता कायदाही मध्ये आलाय

इथून पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण पुढच्या काही वर्षांचं काम इथे आहे.

पहिलं, ॲक्सेसिबिलिटी. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ऑनलाइन केवायसी करता येत नव्हतं, त्या याचिकांवरचा हा निकाल. युरोपातही त्याच वर्षी २८ जूनपासून ॲक्सेसिबिलिटीचा कायदा लागू झाला, त्यामुळे परदेशी क्लायंटसुद्धा आता हे विचारू लागतील.

दुसरं, डार्क पॅटर्न. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी जाहीर केली. 'फक्त २ पेट्या शिल्लक!' अशी खोटी घाई लावणं किंवा न विचारता टोपलीत वस्तू टाकणं त्यात येतं. क्लायंट म्हणेल, "टाक ना, सगळेच टाकतात." मोठ्या कंपनीत डिझाइनर म्हणतो "मी फक्त चित्र काढलं", डेव्हलपर म्हणतो "मी फक्त सांगितलं ते केलं." एकटा माणूस दोन्ही करतो तेव्हा असं बोट दाखवायला दुसरं कोणी नसतं. त्यामुळे 'नाही' पण त्यालाच म्हणावं लागतं.

तिसरं, वैयक्तिक डेटा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. साइटवरच्या साध्या चौकशी फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल नंबर घेतला, तरी तो कशासाठी घेतोय हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी लागेल. ही सूचना मराठीतही वाचता येण्याचा पर्याय द्यायचा आहे. डेटाची सुरक्षा न राखल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या व्यापाऱ्याला एवढा दंड होईल असं कोणी म्हणत नाही, पण फॉर्मचा डेटा कुठे साठतो हे त्यालाही माहीत हवं. ते सांगणार कोण? साइट बनवणाराच.

दुसरी बाजूही बघायला हवी

दोन्ही करण्यात धोके आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

एक, तपासायला कोणी नसतं. आपणच केलेलं डिझाइन आपणच कोडमध्ये उतरवतो, त्यामुळे कोड सोपा पडावा म्हणून डिझाइन नकळत आखडतं. दोन, दोन्ही क्षेत्रं पळतायत आणि दिवस तेवढाच आहे. बँकेचं ॲप किंवा मोठं पोर्टल एकट्याच्या आवाक्यातलं नाही, तिथे खास त्याच कामातली माणसं लागतात. तीन, आजारी पडलात तर सगळं थांबतं. यावर एक साधा उपाय: अमरावती किंवा नागपूरच्या दुसऱ्या एखाद्या फ्रीलान्सरशी अदलाबदल ठरवा. तुमची साइट तो तपासेल, त्याची तुम्ही.

पैशाचं काय?

खरं सांगायचं तर, नुसत्या 'पाच पानांच्या साइट'चा भाव परत वर येईल असं दिसत नाही. ते काम भाचा आणि एआय मिळून करतील, आणि ते त्यांना करू द्यावं. पैसे मिळतील ते पुढच्या कामाचे. म्हणून हे करून बघा:

• पानांवर भाव सांगू नका, जबाबदारीवर सांगा. ॲक्सेसिबिलिटी तपासणी, वेग, डेटाची सूचना, बॅकअप आणि वर्षभराची देखभाल कोटेशनमध्ये वेगवेगळ्या ओळीत लिहा.

• एआय वापरा, पण त्याचा कोड वाचल्याशिवाय क्लायंटच्या डोमेनवर चढवू नका. माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने साइट चालते का, एवढं तपासलं तरी बऱ्याच चुका समोर येतात.

• डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्या नावावर घ्या. ग्राहक टिकवायला ते स्वतःच्या नावावर ठेवणं ही जुनी सवय आहे आणि त्यातूनच भांडणं होतात.

• उद्यम नोंदणी करून घ्या, ती फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. त्यासाठी व्हॉट्सॲपवरच्या 'ओके'वर काम सुरू न करता एक पानाचा करार आणि बिल हवं.

• सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. तोपर्यंतही हिशोब नीट ठेवा.

मग भाच्याला उत्तर काय द्यायचं? साइट त्याला करू द्या. नंतर ती तुमच्या मोबाइलवर उघडा, बाहेर उन्हात जा आणि व्यापाऱ्याला म्हणा, "दादा, यातलं फोन नंबरचं बटण दाबून दाखवा बरं." बटण दिसलं नाही, फोन लागला नाही, किंवा नकाशा वाशिमला घेऊन गेला, तर दर किती हे त्यानंतर बोला.