मुकुट उतरवणारा नवाब

राजांवरील चित्रपट म्हटला की तलवारींचा खणखणाट ठरलेला. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मधील वाजिद अली शाह मात्र तलवार उपसतच नाही. १८५६ मध्ये अवध कंपनीच्या घशात जाताना तो मुकुट उतरवून आउट्रमपुढे धरतो, आणि त्याचे करायचे काय हे साहेबालाच उमगत नाही! प्रेमचंदांच्या मूळ कथेत हा नवाब जवळजवळ पडद्याआडच आहे. तिथे दोघे खेळाडू एकमेकांना ठार करतात. राय त्यांना जिवंत ठेवून इंग्रजी पद्धतीचा डाव मांडायला लावतात. याने कथेची धार गेली, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. मरण ही त्यांची सुटकाच ठरली असती. आमची तक्रार वेगळी आहे. नवाबाला एवढी सहानुभूती मिळते, पण प्रजेपैकी म्हणून शेवटी एक पोरगाच काय तो भेटतो.